रांग लांब, पण गल्ला कुणाचा?

*पत्र:* नमस्कार. आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. सहा मराठी कुटुंबांचा आमचा गट आहे आणि दर नाताळात आम्ही एकमेकांना भेटी देतो. यंदा सगळ्यांनी ठरवलं की विकतचं काही द्यायचं नाही, घरी केलेलंच द्यायचं. किराणा, विमा, सगळंच महागलंय. ह्यांच्या कंपनीत वर्षभरात दोनदा माणसं कमी केली. मी सुगंधी मेणबत्त्या केल्या. सामान आणायला मायकल्स या क्राफ्टच्या दुकानात गेले, तर पैसे द्यायच्या रांगेत पस्तीस मिनिटं उभी होते. पुढच्या-मागच्या बायकाही तेच म्हणत होत्या, यंदा घरीच करतोय. तेव्हा वाटलं, सगळेच असं करणार असतील तर या दुकानांचे शेअर का घेऊ नयेत? बचत खात्यात पंधरा हजार डॉलर नुसते पडून आहेत. ॲपवर मायकल्स शोधलं, सापडेना. हे म्हणतात इंडेक्स फंडात, म्हणजे सगळ्या बाजाराचे थोडेथोडे शेअर असलेल्या फंडात, टाक. एक मैत्रीण शिवणाच्या कापडाचं छोटं दुकान काढतेय; जो-अ‍ॅन ही कापडाच्या दुकानांची साखळी बंद पडल्यामुळे गिऱ्हाईक मोकळं झालंय म्हणते, तीही पैसे मागतेय. काय करू? मेणबत्त्यांचा हिशोब सोबत जोडलाय, कारण सहा मेणबत्त्यांना बासष्ट डॉलर लागले म्हणून हे हसले. — एक वाचक

ताई,

तुमच्या पत्राआधी मी तुमचा हिशोबाचा कागद वाचला. पंचवीस वर्षं दुकानांचे हिशोब तपासण्यात गेली, त्यामुळे पत्र आणि पावती एकत्र आली की हात आधी पावतीकडे जातो. आणि तुम्ही विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या कागदावरच आहेत.

सोयाचं मेण, दहा पौंडांची पिशवी, अ‍ॅमेझॉनवरून: २८ डॉलर. काचेच्या सहा बरण्या डॉलर ट्रीमधून, सव्वा डॉलरला एक: साडेसात. वाती आणि सुगंधी तेलाच्या दोन बाटल्या मायकल्समधून, चाळीस टक्क्यांचं कुपन लावून: १९. रिबीन आणि लेबलं वॉलमार्टमधून, किराण्याबरोबर: साडेसात. झाले बासष्ट.

आता बघा. "सगळे घरी करणार, म्हणून क्राफ्टच्या दुकानांची चांदी" असं म्हणणाऱ्या बाईनं स्वतः बासष्टपैकी एकोणीस डॉलर क्राफ्टच्या दुकानात दिले. तेही कुपन लावून. उरलेले त्रेचाळीस अ‍ॅमेझॉन, वॉलमार्ट आणि डॉलर ट्रीच्या गल्ल्यात गेले. तुमचं काहीच चुकलं नाही. काटकसर करायला निघालेली बाई भेटवस्तूपुरती काटकसर करून थांबत नाही, मेण घेतानाही दोन ठिकाणचे भाव बघते. सहा बरण्यांना तीन पौंडांच्या आसपास मेण लागतं, म्हणजे तुमच्या पिशवीतलं निम्म्याहून जास्त मेण अजून कपाटात आहे. पुढच्या नाताळात तुम्ही मेण घेणार नाही. दुकानाच्या दृष्टीनं पुढच्या वर्षीचं एक गिऱ्हाईक गेलं.

राहिली रांग. पस्तीस मिनिटांची रांग बघून तुम्हाला गिऱ्हाईक दिसलं. मी तिथे असते तर आधी गल्ले मोजले असते. सहा गल्ले आणि दोनच चालू, असं असेल तर ती रांग धंद्याची नाही, पगार वाचवण्याची आहे. अशा रांगेत कितीतरी बाया हातातली टोपली तिथेच कुठल्यातरी फळीवर ठेवून निघून जातात. त्या टोपल्या कुठल्या हिशोबात दिसत नाहीत.

असो. तुमचा मूळ तर्क मात्र वेडा नाही. हात आखडला की लोक घरी करायला लागतात, हे खरंच आहे. म्हणून आधी हा तर्क मागच्या मंदीत कसा चालला ते सांगते, कारण त्याची परीक्षा एकदा होऊन गेली आहे.

डिसेंबर २००७ ते जून २००९ ही मंदी तुम्हाला आठवत असेल, किंवा तेव्हा तुम्ही भारतात असाल. तेव्हाही हेच बोललं जात होतं: यंदा भेटी घरी करा, विणा, शिवा, चिकटवा. ते पटून एखाद्यानं शेअर घ्यायचे ठरवले असते तर पहिली अडचण तुमचीच आली असती. सगळ्यात मोठं दुकान, मायकल्स, बाजारात नव्हतंच. २००६ मध्ये बेन कॅपिटल आणि ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपन्यांनी ते सहा अब्ज डॉलरच्या घरात अख्खं विकत घेतलं होतं. हॉबी लॉबी हे ओक्लाहोमातलं ग्रीन कुटुंबाचं दुकान. १९७० साली सहाशे डॉलरचं कर्ज काढून छोट्या चौकटी करण्यापासून सुरुवात, आज हजाराहून जास्त दुकानं, रविवारी बंद. शेअर ना तेव्हा विकायला होते ना आज आहेत. उरली तीन: ओहायोतलं जो-अ‍ॅन, न्यू जर्सीतलं ए. सी. मूर आणि मिसिसिपीतलं हॅनकॉक फॅब्रिक्स.

तिन्हींची मंदी एकच. गिऱ्हाईकही साधारण एकाच जातीचं. आता पुढे काय झालं ते ऐका.

जो-अ‍ॅनचा शेअर मंदीत वीस डॉलरच्या खालीही मिळत होता. २०११ मध्ये लेनर्ड ग्रीन या गुंतवणूक कंपनीनं ते दुकान एकसष्ट डॉलर शेअरनं विकत घेतलं. ज्यानं धरून ठेवले, त्याचं सोनं झालं. त्याच २०११ मध्ये ए. सी. मूर विकलं गेलं, एक डॉलर साठ सेंट शेअरनं. विकत घेणारे कोण, तर त्यांनाच माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याशी जोडलेली कंपनी. आणि हॅनकॉक? ते मंदी यायच्या आधीच, २००७ मध्ये, दिवाळखोरीच्या कोर्टात गेलेलं होतं. २००८ मध्ये बाहेर आलं, कसंबसं चाललं, २०१६ मध्ये पुन्हा कोर्टात गेलं आणि त्या वर्षात सगळी दुकानं बंद झाली.

म्हणजे "लोक घरी करणार" हे वाक्य तिघांनाही सारखंच लागू होतं, आणि हातात पडलं एकाला एकसष्ट, एकाला एक साठ, एकाला शून्य. तिघांतला फरक रांगेत उभं राहून दिसला नसता. किती कर्ज आहे, गोदामात किती माल पडून आहे, भाड्याचे करार किती वर्षांचे आहेत, असल्या कंटाळवाण्या कागदांत तो होता.

मीही हा धडा कागदावरून शिकले असं समजू नका. २००९ मध्ये मुलीला कपडे घ्यायला गेले आणि दुकानातली झुंबड बघून घरी आल्या आल्या त्या कंपनीचे शेअर घेतले. हिशोब तपासणारी बाई मी, पण त्या संध्याकाळी ताळेबंद उघडूनही पाहिला नाही. झुंबड होती ती शेवटच्या सवलतीची. माल काढून टाकायला भाव पाडले होते. पुढच्या तिमाहीत कळलं. नाव सांगत नाही, दुकान अजून चालू आहे.

आता अलीकडची गोष्ट, कारण तुमची मैत्रीण ज्याच्या जिवावर दुकान काढतेय ते जो-अ‍ॅन हीच ती गोष्ट आहे. तुमच्या राज्यातलं दुकान: १९४३ मध्ये क्लीव्हलंडला सुरू झालं, मुख्य कचेरी हडसनला. २०२० मध्ये कोविड आला आणि ज्या बायांनी दहा वर्षं शिलाई मशीनवरचं कापड काढलं नव्हतं त्या मास्क शिवायला बसल्या. कापड मिळेना, इलॅस्टिक तर औषधालाही नव्हतं. त्या वर्षी जो-अ‍ॅनची विक्री पावणेतीन अब्ज डॉलरवर गेली. तुमचा तर्क यापेक्षा जास्त खरा कधी ठरणार? घरात बसलेली माणसं, हातात वेळ, बाहेर भीती, आणि शिवणं हे राष्ट्रकार्य झालेलं.

आणि नेमकं तेव्हा, मार्च २०२१ मध्ये, मालकांनी जो-अ‍ॅनचे शेअर पुन्हा बाजारात विकायला काढले, बारा डॉलरनं. विकणाऱ्याला आपल्या दुकानाची जानेवारी आणि आपला डिसेंबर दोन्ही ठाऊक असतात. घेणाऱ्यानं फक्त डिसेंबर पाहिलेला असतो. पुढच्याच वर्षात मास्क संपले, चीनहून येणाऱ्या कंटेनरचं भाडं आभाळाला भिडलं, व्याजदर चढले. कर्ज मात्र कमी झालं नाही, पुढे एक अब्ज डॉलरच्या वर गेलं.

ते कर्ज आलं कुठून, हे समजून घ्या, कारण या धंद्यातल्या बहुतेक मोठ्या दुकानांची दुखणी तिथे आहेत. गुंतवणूक कंपनी जेव्हा असं दुकान विकत घेते तेव्हा थोडे पैसे स्वतःचे घालते आणि बाकीचे कर्जाऊ उभे करते. ते कर्ज तिच्या स्वतःच्या नावावर नसतं, दुकानाच्या नावावर चढतं. लग्न मुलानं करायचं आणि मांडवाचा खर्च सुनेच्या पगारातून फेडायचा, तसंच हे. धंदा बरा चालला तर सून फेडते. एक वर्ष वाईट गेलं की हप्ता तोच आणि पगार कमी. क्राफ्टच्या दुकानाला तर वाईट वर्ष यायला फार काही लागत नाही. मणी, लोकर, रंग, कागद, फुलं मिळून हजारो जिन्नस असतात आणि त्यातला प्रत्येक हळूहळू खपतो. एका जांभळ्या लोकरीच्या गुंड्यात अडकलेला पैसा वर्ष-वर्ष सुटत नाही. खरी कमाई ऑक्टोबर ते डिसेंबर. व्याज मात्र बारा महिने.

मार्च २०२४ मध्ये जो-अ‍ॅन दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं आणि पुढच्या महिन्यात बाहेरही आलं. तुम्ही तेव्हा तिथे खरेदी केली असेल तर तुम्हाला काहीच जाणवलं नसेल. दुकानं उघडी होती, कात्र्या चालू होत्या, कुपनं येत होती. पण बारा डॉलरनं शेअर घेतलेल्यांचा शेअर त्या महिन्यात पुसला गेला. दुकान धनकोंच्या ताब्यात गेलं. माल पुरवणारे, कर्ज देणारे, भाडं घेणारे असे सगळे भागधारकाच्या पुढे रांगेत असतात, आणि तिथली रांग तुमच्या मायकल्सच्या रांगेसारखी सरकत नाही. मग १५ जानेवारी २०२५ ला दुसऱ्यांदा कोर्ट, फेब्रुवारीत सगळी आठशेच्या घरातली दुकानं बंद करायचा निर्णय, मे संपता संपता शेवटची दारं बंद. जूनमध्ये जो-अ‍ॅनचं नाव आणि त्यांचे घरचे ब्रँड मायकल्सनं विकत घेतले.

आता तुम्हाला ॲपवर मायकल्स का सापडत नाही ते. ते मध्ये काही वर्षं बाजारात आलं होतं: २०१४ च्या जूनमध्ये सतरा डॉलरनं. मार्च २०२० मध्ये शेअर दोन डॉलरच्याही खाली घसरला. २०२१ मध्ये अपोलो या गुंतवणूक कंपनीनं बावीस डॉलर शेअर देऊन ते पुन्हा उचललं. सात वर्षं जीव मुठीत धरून बसलेल्याला सतराचे बावीस मिळाले, म्हणजे वर्षाला चार टक्क्यांच्या आत-बाहेर. तेवढ्या काळात तुमच्या ह्यांचा इंडेक्स फंड दुपटीच्या वर गेला होता. (हे त्यांना वाचून दाखवू नका. आधीच हसलेत.) अपोलोचा स्वतःचा शेअर मिळतो, पण मायकल्ससाठी अपोलो घेणं म्हणजे कढीपत्त्याच्या काडीसाठी अख्खी मंडई विकत घेणं.

"मग दुसरं काय?" असं तुम्ही विचारणार, म्हणून पटकन सांगते. एट्सी: लोक त्याला क्राफ्टचा शेअर समजतात, पण तिथे लोक हातानं केलेलं *विकत* घेतात. तुमच्या गटानं नेमकं तेच बंद केलंय. २०१५ मध्ये सोळा डॉलरनं आलेला तो शेअर २०२१ च्या शेवटी तीनशेच्या आसपास गेला आणि नंतर आपटला. असल्या पाळण्यात बसायचं तुमचं वय असेल, तुमच्या पैशांचं नाही. क्रिकट: कागद-व्हायनिल कापायची ती मशीनवाली कंपनी, जो-अ‍ॅनच्याच महिन्यात, मार्च २०२१ मध्ये, वीस डॉलरनं बाजारात आली आणि पुढे दहाच्या खाली गेली. कर्जाचा बोजा नाही, मशीन घेतलेल्यांकडून वर्गणी येते, त्यामुळे अभ्यासाला चांगली. पण मंदीत कोणी घरी करायचं म्हणून दोनअडीचशे डॉलरचं यंत्र आधी घेत नाही. वॉलमार्टच्या अब्जावधींच्या उलाढालीत तुमची साडेसात डॉलरची रिबीन कुठे दिसणार?

आयात शुल्काचंही एक आहे. या दुकानातल्या मण्यांपासून नाताळच्या लाल रिबिनीच्या फुलापर्यंत बहुतेक माल चीनचा. २०२५ च्या एप्रिलमध्ये चिनी मालावरचं शुल्क १४५ टक्क्यांवर गेलं आणि मे महिन्यात खाली उतरवलं. नाताळच्या मालाच्या ऑर्डरी साधारण याच दिवसांत द्यायच्या असतात. त्या महिन्यात बसून डिसेंबरचा भाव ठरवणाऱ्या माणसाच्या जागी मला कोणी बसवू नये.

आता खरं बोलते. शेअर कुठला, हा तुमच्या पत्रातला दुय्यम प्रश्न आहे. मला खटकलं ते एक वाक्य: "पंधरा हजार डॉलर नुसते पडून आहेत." आणि त्याच्या काही ओळी वर: "ह्यांच्या कंपनीत वर्षभरात दोनदा माणसं कमी केली."

ताई, ते पैसे पडून नाहीत, पहाऱ्यावर आहेत. तुम्ही पैज कशावर लावताय ते बघा: लोकांचे हात आखडतील, म्हणून ते घरी भेटी करतील, म्हणून दुकान चालेल. लोकांचे हात आखडतात ते नोकऱ्या जातात म्हणून. त्या लोकांत तुम्हीही आहात. ज्या महिन्यात तुमचा तर्क खरा ठरेल त्याच महिन्यात घरात पगार बंद होऊ शकतो, आणि शेअर तेव्हा कुठल्या भावाला असेल ते जो-अ‍ॅनवाल्यांना विचारा. तुम्ही व्हिसाबद्दल काही लिहिलं नाहीत. ग्रीन कार्ड असेल तर थोडा श्वास आहे. एच-वन, म्हणजे नोकरीवरचा व्हिसा, असेल तर नोकरी गेल्यावर साठ दिवस. त्यात दुसरी नोकरी किंवा बाडबिस्तरा. नोकरीबरोबर विमा जातो, आणि कोब्रावर, म्हणजे नोकरीतला विमा पुढे चालू ठेवायच्या सोयीवर, चार माणसांच्या कुटुंबाचा विमा स्वतःच्या खिशातून भरायची वेळ आली की पंधरा हजार ही काही मोठी रक्कम उरत नाही. घराचा हप्ता, गाड्या, विमा, किराणा असा महिन्याचा खर्च एका कागदावर लिहा. मेणबत्त्यांचा लिहिलात तसाच. पंधरा हजारांना त्यानं भागा. उत्तर सहाच्या खाली आलं तर हे पैसे इंडेक्स फंडातही टाकू नका. तुमचे हे बरोबर सांगतायत, पण ते पुढच्या पैशांबद्दल. या पैशांना चांगलं व्याज देणारं बचत खातं किंवा सरकारी ट्रेझरी बिलं; बिलांच्या व्याजावर ओहायोचा राज्य कर लागत नाही, तेवढीच बचत.

खर्च भागून वर उरतात आणि हात शिवशिवतायतच, तर पाचशे डॉलर घ्या, नाटकाच्या तिकिटासारखे, आणि आधी त्या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचा. बाजार नियामकाच्या एडगर या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. तीनच आकडे शोधा: वर्षाची विक्री, गोदामातला माल आणि व्याज. माल विक्रीपेक्षा वेगानं वाढतोय का, आणि नफ्यातला किती वाटा व्याज खातंय. माझं तरुणपण या तीन आकड्यांत गेलं.

आणि आता मैत्रीण. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण शेअरमध्ये फक्त पैसे जातात.

तिचा तर्क तुमच्यापेक्षा पक्का आहे. जो-अ‍ॅनच्या आठशे दुकानांत कापड हातात धरून, पोत बघून, हवं तेवढं कापून घेणारी बाई अजून आहेच, आणि मेण मागवावं तसं कापड ती न बघता मागवत नाही. मायकल्सनं कापड वाढवलंय, पण रजई शिवणाऱ्या बायकांना लागतो तसला माल आणि तो समजणारं माणूस तिथे असेलच असं नाही. छोटी दुकानं त्यावर चालतात. पण ती कापडावर क्वचितच तगतात. तगतात ती शिवणयंत्रांच्या विक्री-दुरुस्तीवर, वर्गांवर, आणि बायकांच्या अर्धवट रजया मोठ्या यंत्रावर शिवून देण्याच्या मजुरीवर. तेव्हा मैत्रिणीला पहिला प्रश्न कापडाचा विचारू नका. वर्ग घेणार का, आठवड्यातले किती दिवस, यंत्रं कोणाची एजन्सी, दुरुस्तीला माणूस कोण, हे विचारा. याची उत्तरं नुसती "हो गं, बघू पुढे" अशी आली तर तिथेच थांबा.

माझ्या मामांचं साताऱ्यात कापडाचं दुकान होतं. दिवाळी संपली की पाडव्याचं पूजन झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते विक्री मोजायचे नाहीत. फळीवर उरलेले तागे मोजायचे. मी लहान असताना वही धरून बसायचे. ते फुटपट्टीनं तागा ठोकून आकडा सांगायचे आणि एखाद्या ताग्याशी आले की न बोलता पुढे जायचे. तो मागच्याही दिवाळीत तिथेच होता. मैत्रिणीच्या दुकानात तुमचे पंधरा हजार गेले तर ते बहुतेक अशा ताग्यांच्या रूपात फळीवर उभे राहतील.

द्यायचेच असतील तर सगळे देऊ नका, आणि तोंडी तर अजिबात देऊ नका. भागीदारी की कर्ज, ते आधी ठरवा. भागीदारी असेल तर वकिलाकडून कागद करून घ्या आणि जागेच्या भाडेकरारावर जामीन म्हणून सही करू नका. दुकान बंद पडलं तरी पाच वर्षांचा करार बंद पडत नाही. कर्ज असेल तर वचनचिठ्ठी लिहून घ्या: रक्कम, व्याज, हप्ता, तारीख. दहा हजार डॉलरच्या वर बिनव्याजी दिलंत तर कर खातं तुम्हाला न मिळालेलं व्याज मिळाल्यासारखं धरू शकतं, म्हणून सरकार दर महिन्याला जाहीर करतं तेवढा किमान दर तरी लावा. मैत्रिणीला व्याज कसं लावू, असं वाटत असेल तर आधी कर सल्लागाराला विचारा. पैसे बुडाले तर करात ते भांडवली तोटा म्हणून दाखवता येतात, पण पगारातून वर्षाला तीन हजारांच्या वर वजा होत नाहीत. आणि तेही कागद असेल तर. आणि एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वनमुळे मिळालेल्या व्हिसावर, असाल, कामाचा परवाना नसेल, तर पैसे गुंतवायला हरकत नाही, पण गर्दीच्या शनिवारी "जरा गल्ल्यावर बस गं" म्हणाली तरी बसू नका. मैत्रिणीला मदत म्हणूनसुद्धा नाही. वकिलाला विचारल्याशिवाय कात्रीलाही हात लावू नका.

माझं मत विचाराल तर: महिन्यांचा भागाकार सहाच्या खाली आला तर तिला स्वच्छ सांगा की ह्यांच्या नोकरीचं काही खरं नाही, आत्ता जमणार नाही. खरं कारण आहे, वाईट वाटून घ्यायचं काही नाही. वर आला तर तीन हजार, कागद करून, आणि मनात ते गेले असं धरून.

त्याआधी एक काम करा. तिच्यासारखी दोन-तीन छोटी दुकानं तुमच्याकडे तासाभराच्या अंतरावर असतील. डिसेंबरमधली गर्दी तुम्ही बघितलीच आहे. जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी, बर्फ पडत असताना, सकाळी अकराला मैत्रिणीलाच घेऊन अशा एका दुकानात जा आणि तासभर थांबा. आत किती बाया येतात ते मोजा. किती पिशवी घेऊन बाहेर पडतात तेही मोजा. मग मालकिणीला हळूच विचारा, जानेवारीचं भाडं कशातून भरता. बायका असं सांगतात, विचारलं तर.